बालकांमधील स्वमग्नतेचे मूल्यमापन : पालक व शिक्षक यांच्या अहवालांचे स्थान

प्रस्तावना :

रक्तक्षय ओळखण्यासाठी रक्ताची तपासणी करता येते, अस्थिभंग क्ष-किरणांच्या साहाय्याने पाहता येतो. परंतु स्वमग्नतेचे निदान निश्चित करणारी अशी कोणतीही प्रयोगशालेय तपासणी आज उपलब्ध नाही. स्वमग्नतेचे निदान सर्वस्वी वर्तनाच्या आधारे केले जाते. बालक इतरांशी संबंध कसा जोडते, भाषेचा व हावभावांचा वापर कसा करते, कोणत्या कृती पुन्हा पुन्हा करते आणि नेहमीच्या क्रमात बदल झाल्यास कशी प्रतिक्रिया देते, या गोष्टींवरच निर्णय अवलंबून असतो. हे वर्तन तज्ज्ञाच्या कक्षात तास-दोन तास दिसते. उरलेला सारा वेळ बालक घरी, शाळेत, अंगणवाडीत किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांत असते. त्यामुळे बालकाला दररोज पाहणाऱ्या व्यक्तींनी दिलेली माहिती हा मूल्यमापनाचा एक मुख्य आधार ठरतो.

अशा व्यक्तींमध्ये पालक आणि शिक्षक हे दोन घटक प्रमुख आहेत. मात्र या दोघांचे अहवाल पुष्कळदा परस्परांशी जुळत नाहीत. 'घरी तो व्यवस्थित बोलतो', असे आई सांगते. 'वर्गात तो कोणाशीच बोलत नाही', असे शिक्षिका सांगतात. यांपैकी कोणाचे खरे मानावे, असा प्रश्न मग उपस्थित होतो. वस्तुतः हा प्रश्नच चुकीच्या रीतीने मांडलेला असतो. प्रस्तुत लेखात पालक व शिक्षक यांच्या अहवालांचे स्वरूप, त्यांची बलस्थाने व मर्यादा, त्यांतील तफावतीची कारणे आणि त्या तफावतीचा अर्थ लावण्याची पद्धती यांचा विचार करण्यात आला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

स्वमग्नतेच्या अभ्यासाचा आरंभच एका पालकाच्या अहवालाने झाला, असे म्हणता येईल. लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने १९४३ मध्ये ११ बालकांच्या निरीक्षणांवर आधारित शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांतील पहिल्या बालकाच्या वडिलांनी भेटीपूर्वीच मुलाच्या वाढीचा ३३ पृष्ठांचा टंकलिखित वृत्तान्त कॅनर यांच्याकडे पाठविला होता. एकटेपणात रमणे, वस्तू गोल फिरविणे, ऐकलेले शब्द तसेच्या तसे उच्चारणे अशा ज्या गोष्टी पुढे या अवस्थेची लक्षणे म्हणून मान्य झाल्या, त्यांची नोंद एका पित्याने आधीच करून ठेवली होती.

दुर्दैवाने पुढील दोन-अडीच दशकांत पालकांकडे माहितीचा स्रोत म्हणून न पाहता विकाराचे कारण म्हणून पाहिले गेले. आईच्या भावनिक कोरडेपणामुळे मूल स्वमग्न होते, हा समज त्या काळात दृढ झाला. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ मधील ग्रंथामुळे त्याला व्यापक प्रसिद्धी मिळाली. ज्या आईला दोषी धरले जाते तिची साक्ष निःपक्षपाती मानली जात नाही, हे उघड आहे. या समजाला १९६४ मध्येच बर्नार्ड रिमलँड यांनी आव्हान दिले होते. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि एका स्वमग्न मुलाचे वडीलही होते. स्वमग्नतेचे मूळ जैविक असल्याचे प्रतिपादन त्यांनी केले आणि पालकांकडून भरून घ्यावयाची पडताळा सूचीही तयार केली. पुढे १९७७ मध्ये सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून आनुवंशिक घटकांचे महत्त्व स्पष्ट झाले आणि पालकांवरील दोषारोपाचा शास्त्रीय आधार संपुष्टात आला.

शास्त्राने सोडून दिलेला हा समज समाजातून मात्र पूर्णपणे गेलेला नाही. 'आई नोकरी करते म्हणून मूल बोलत नाही', 'लहानपणी मोबाइल दाखविला म्हणून असे झाले', असे शेरे आजही घराघरांत ऐकू येतात. दोषाच्या भीतीने आई काही गोष्टी सांगण्याचे टाळते किंवा सौम्य करून सांगते. अहवालाच्या गुणवत्तेवर याचा थेट परिणाम होतो. म्हणून मूल्यमापनाच्या आरंभीच तज्ज्ञाने ही भीती दूर करणे आवश्यक असते.

अहवालांवर आधारित प्रमुख साधने :

अहवाल म्हणजे केवळ तोंडी सांगितलेली हकीकत नव्हे. तिला शिस्तबद्ध रूप देण्यासाठी अनेक साधने विकसित झाली आहेत. त्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग करता येतात.

पहिला वर्ग प्राथमिक चाळणीच्या साधनांचा आहे. 'एम-चॅट' ही प्रश्नावली २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या २०१४ मधील सुधारित आवृत्तीत २० प्रश्न असून ती १६ ते ३० महिने वयाच्या बालकांच्या पालकांसाठी आहे. शून्य ते २ गुण म्हणजे कमी धोका, ३ ते ७ गुण म्हणजे मध्यम धोका आणि ८ वा अधिक गुण म्हणजे जास्त धोका, असे वर्गीकरण तीत केले जाते. मध्यम धोका आढळल्यास त्याच प्रश्नांवर पालकांची पुन्हा सविस्तर मुलाखत घेतली जाते. सोळा हजारांहून अधिक बालकांच्या अभ्यासात या मुलाखतीनंतरही धोका कायम ठरलेल्या बालकांपैकी सुमारे ४७ टक्क्यांना स्वमग्नतेचे निदान झाले आणि सुमारे ९५ टक्के बालकांमध्ये विकासविषयक कोणती ना कोणती चिंतेची बाब आढळली. म्हणजेच पालकांनी व्यक्त केलेली शंका स्वमग्नतेपुरती निम्म्या वेळा खरी ठरली नाही, तरी ती निराधार क्वचितच होती.

दुसरा वर्ग सविस्तर मुलाखतींचा व पदनिश्चयन श्रेणींचा आहे. 'एडीआय-आर' ही १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेली ९३ मुद्द्यांची पालक-मुलाखत असून तिला साधारणतः दीड ते अडीच तास लागतात. तिच्यावरून तयार केलेली ४० प्रश्नांची 'एससीक्यू' ही प्रश्नावली 'होय' अथवा 'नाही' अशा उत्तरांची आहे. ६५ विधानांची 'एसआरएस' ही श्रेणी पालक व शिक्षक दोघांनाही भरता येते. शालेय वयाच्या मुलांसाठी असलेली २७ विधानांची 'एएसएसक्यू' ही श्रेणीही दोघांसाठी आहे. तिच्यासंबंधीची एक बाब या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. १९९९ मधील अभ्यासात तिच्यासाठी पालकांच्या बाबतीत १९ आणि शिक्षकांच्या बाबतीत २२ असे वेगवेगळे सीमागुण सुचविण्यात आले. विधाने तीच, बालक तेच. परंतु गुण देणारा बदलला की गुणांचा अर्थही बदलतो, हे त्यातून सूचित होते.

तिसरा वर्ग निरीक्षण व अहवाल यांची सांगड घालणाऱ्या साधनांचा आहे. 'कार्स' या श्रेणीत १५ घटक असून एकूण गुण १५ ते ६० यांदरम्यान येतात. भारतात सिकंदराबाद येथील राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्थेने, म्हणजे आताच्या राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेने, 'आयएसएए' ही भारतीय श्रेणी विकसित केली. तीत सामाजिक संबंध, भावनिक प्रतिसाद, भाषा व संप्रेषण, वर्तनाचे आकृतिबंध, संवेदनात्मक पैलू आणि बोधात्मक घटक अशा ६ विभागांत ४० मुद्दे आहेत. प्रत्येक मुद्द्याला वर्तनाच्या वारंवारतेनुसार १ ते ५ गुण दिले जातात. ७० पेक्षा कमी गुण म्हणजे स्वमग्नता नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि १५३ च्या वर तीव्र, असे तिचे वर्गीकरण आहे. एखादे वर्तन 'कधीकधी' होते की 'बहुतेक वेळा', हे परीक्षकाला थोड्या वेळात समजणे कठीण असते. त्यामुळे या श्रेणीतही निरीक्षणाच्या जोडीला पालकांची मुलाखत घेतली जाते.

पालकांच्या अहवालाची बलस्थाने व मर्यादा :

पालकांचे सर्वांत मोठे सामर्थ्य म्हणजे काळाचा पट. स्वमग्नतेची लक्षणे विकासाच्या प्रारंभिक काळात असावी लागतात, ही निदानाची एक अट आहे. सहा वर्षांचे मूल दीड वर्षाचे असताना हाक मारल्यावर वळून पाहत होते काय, हे पालकांवाचून दुसरे कोण सांगणार? काही बालकांमध्ये आलेले शब्द दुसऱ्या वर्षाच्या सुमारास नाहीसे होतात. अशा पीछेहाटीचे साक्षीदार केवळ घरचे लोकच असतात. झोप, खाण्यापिण्यातील हट्ट, केस कापताना वा कुकरच्या शिट्टीने होणारा त्रास या गोष्टीही त्यांनाच ठाऊक असतात.

पालकांच्या आठवणींना वस्तुनिष्ठ पुरावाही मिळाला आहे. १९९४ मध्ये ज्युली ऑस्टर्लिंग व जेराल्डिन डॉसन यांनी पुढे स्वमग्नतेचे निदान झालेल्या ११ आणि सामान्य विकास असलेल्या ११ बालकांच्या पहिल्या वाढदिवसाच्या घरगुती चित्रफिती तपासल्या. बोटाने दाखविणे, वस्तू दुसऱ्याला दाखविणे, चेहऱ्याकडे पाहणे आणि नावाने हाक मारताच वळणे यांबाबत दोन्ही गटांत पहिल्याच वर्षी फरक दिसून आला. 'काहीतरी वेगळे आहे, असे तेव्हाच वाटत होते', हे अनेक पालकांचे म्हणणे त्यामुळे केवळ पश्चात्बुद्धी ठरत नाही.

तथापि या अहवालाला मर्यादाही आहेत. पहिली मर्यादा तुलनेची. पहिलेच किंवा एकुलते एक मूल असेल तर त्या वयात काय अपेक्षित आहे, याचा मापदंड पालकांजवळ नसतो. 'याचे वडीलही उशिरा बोलले', 'मुलगे उशिराच बोलतात', अशी घरातील ज्येष्ठांची समजूत शंका मागे टाकते. दुसरी मर्यादा स्मृतीची. काळ लोटतो तसतशा विकासाच्या टप्प्यांच्या तारखा अस्पष्ट होत जातात. तिसरी मर्यादा जुळवून घेण्याची. मुलाने न मागता आजी पाण्याचा पेला पुढे करते, ताटात नेहमीचाच पदार्थ वाढते, पाहुणे आले की त्याला आतल्या खोलीत नेते. अशा घरात अडचण प्रकट व्हायला प्रसंगच येत नाही आणि पालक प्रामाणिकपणे सांगतात की, घरी काहीच त्रास नाही. चौथी मर्यादा परिणामांच्या भीतीची. निदान झाल्यास शाळा प्रवेश नाकारील, नात्यांत चर्चा होईल, धाकट्या बहिणीच्या लग्नात अडचण येईल, अशा चिंता उत्तरांवर प्रभाव टाकतात.

शिक्षकांच्या अहवालाची बलस्थाने व मर्यादा :

पालकांजवळ जो मापदंड नसतो, तो शिक्षकांजवळ असतो. एकाच वयाची तीस-चाळीस मुले दररोज समोर असल्याने त्या वयाच्या सामान्य वर्तनाची कक्षा त्यांना अनुभवाने ठाऊक असते. शिवाय समवयस्कांशी होणारा व्यवहार घरी फारसा दिसत नाही, तो शाळेत दिसतो. मधल्या सुट्टीत मूल कोणाबरोबर डबा खाते, खेळात आपली पाळी येईपर्यंत थांबते काय, दुसरे मूल रडू लागल्यास त्याच्याकडे पाहते काय, वेळापत्रक अचानक बदलल्यास काय करते, ही निरीक्षणे निदानाच्या दृष्टीने अत्यंत मोलाची आहेत. प्रौढ व्यक्ती मुलाला सांभाळून घेतात. समवयस्क सांभाळून घेत नाहीत. म्हणून सामाजिक अडचण प्रथम शाळेत उघड होणे स्वाभाविक आहे.

शिक्षकांच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. त्यांना बालकाचा पूर्वेतिहास ज्ञात नसतो. मोठ्या पटाच्या वर्गात शिक्षकाचे लक्ष गोंधळ घालणाऱ्या मुलाकडे आधी जाते. कोपऱ्यात गप्प बसणारे मूल 'शांत', 'आज्ञाधारक' म्हणून सुटून जाते. मुलींच्या बाबतीत हा धोका विशेष आहे. अनेक स्वमग्न मुली इतरांचे अनुकरण करून आपल्या अडचणी झाकतात. वर्गात दिवसभर स्वतःला आवरून धरतात आणि घरी आल्यावर त्या ताणाचा उद्रेक होतो. अशा वेळी शिक्षिकेचा अहवाल निर्दोष असतो आणि आईच्या तक्रारीवर कोणी विश्वास ठेवत नाही. घरची बोली अहिराणी, गोंडी वा वऱ्हाडी आणि शाळेची भाषा प्रमाण मराठी किंवा इंग्रजी असेल, तर नव्या भाषेमुळे आलेले मौन आणि संप्रेषणातील मूलभूत अडचण यांत गल्लत होण्याचा संभव असतो. याउलट, 'दोन भाषांमुळे गोंधळला आहे' असे म्हणून खरी अडचण दुर्लक्षिली जाण्याचाही संभव असतो. दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्नता उद्भवत नाही, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

तफावत : दोष की माहिती ?

दोन माहितीदात्यांचे अहवाल न जुळणे ही केवळ स्वमग्नतेपुरती मर्यादित घटना नाही. थॉमस ॲकेनबाख व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये बालकांच्या वर्तनसमस्यांविषयीच्या ११९ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. आई व वडील यांच्यासारख्या समान भूमिकेतील व्यक्तींच्या अहवालांत सरासरी सहसंबंध ०.६० इतका होता. पालक व शिक्षक यांच्यासारख्या भिन्न भूमिकांतील व्यक्तींमध्ये मात्र तो केवळ ०.२८ होता. आंद्रेस दे लॉस रेयेस व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ३४१ अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हाही एकूण सहसंबंध ०.२८ च आढळला. जवळजवळ तीन दशकांत साधने सुधारली; तफावत मात्र कायम राहिली.

यावरून असा निष्कर्ष निघतो की, तफावत ही बऱ्याच अंशी मोजमापातील चूक नसून परिस्थितीतील फरकाचे प्रतिबिंब असते. घर आणि शाळा ही दोन वेगळी वातावरणे आहेत. त्यांच्या मागण्या वेगळ्या, आधार वेगळे. म्हणून बालकही वेगळे दिसते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डीएसएम-५' या निदानपुस्तिकेनुसार सामाजिक संप्रेषणातील अडचणी एकाहून अधिक संदर्भांत असाव्या लागतात. सामाजिक मागण्या बालकाच्या क्षमतेपलीकडे जाईपर्यंत लक्षणे पूर्णपणे प्रकट होणार नाहीत, हेही तीत मान्य केलेले आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र विचारात घेतल्यास एकाच ठिकाणच्या अहवालावरून निदान करणे वा निदान नाकारणे, दोन्ही अयोग्य ठरते.

व्यवहारात तफावतीचे दोन मुख्य प्रकार आढळतात. शाळेत लक्षणे दिसतात आणि घरी दिसत नाहीत, अशा वेळी घरचे वातावरण बालकाला अनुरूप करून घेतले आहे काय, हे विचारावे. तसेच वर्गातील कोलाहल, भाषा, धाक वा इतर मुलांकडून होणारा छळ यांचाही शोध घ्यावा. घरी लक्षणे दिसतात आणि शाळेत दिसत नाहीत, अशा वेळी शाळेची ठरावीक चाकोरी बालकाला आधार देत आहे काय, मूल अनुकरणाने अडचण झाकत आहे काय आणि शिक्षकांनी त्याला मधल्या सुट्टीत कधी पाहिले आहे काय, हे तपासावे. दोन्ही प्रसंगी श्रवणचाचणी झाली असल्याची खात्री करणे अगत्याचे आहे. कारण हाकेला प्रतिसाद न देणारे मूल ऐकू न येणारेही असू शकते.

दोन अहवाल एकत्र करण्याचे गणित :

दोन अहवालांची सांगड कशी घालावी, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. समजा, १०,००० बालकांमध्ये १०० बालके स्वमग्न आहेत. वापरलेली प्रश्नावली स्वमग्न बालकांपैकी ८० टक्क्यांना ओळखते आणि स्वमग्न नसलेल्यांपैकी ९० टक्क्यांना योग्य रीतीने वगळते. केवळ पालकांचा अहवाल घेतल्यास ८० स्वमग्न बालके सापडतील. परंतु ९९० इतर बालकांवरही संशयाची खूण पडेल. खूण पडलेल्या १,०७० बालकांपैकी खरोखर स्वमग्न बालके केवळ साडेसात टक्के असतील.

आता शिक्षकांचाही तितकाच अचूक आणि स्वतंत्र अहवाल घेतला, असे मानू. दोघांनीही शंका व्यक्त केली तरच पुढे पाठवावयाचे ठरविल्यास ६४ स्वमग्न बालके सापडतील आणि ९९ इतर बालकांना विनाकारण पाठविले जाईल. अचूकता सुमारे ३९ टक्क्यांपर्यंत वाढेल. मात्र ३६ स्वमग्न बालके निसटतील. दोघांपैकी कोणीही एकाने शंका व्यक्त केली तरी पुढे पाठवावयाचे ठरविल्यास ९६ बालके सापडतील, केवळ ४ निसटतील. परंतु १,८८१ बालकांची अनावश्यक तपासणी करावी लागेल. प्रत्यक्षात दोन अहवाल पूर्णपणे स्वतंत्र नसतात, त्यामुळे आकडे बदलतील. तत्त्व मात्र बदलत नाही.

या गणितातून धोरणाचा प्रश्न निर्माण होतो. चाळणीच्या टप्प्यावर एखादे मूल निसटणे हे एखाद्या मुलाची जादा तपासणी होण्यापेक्षा अधिक हानिकारक आहे. कारण लवकर मिळणाऱ्या साहाय्याची वर्षे परत येत नाहीत. म्हणून तेथे 'कोणाही एकाची शंका पुरेशी' हा नियम इष्ट ठरतो. अंतिम निदानाच्या टप्प्यावर मात्र दोन्ही अहवाल, पूर्वेतिहास आणि तज्ज्ञाचे प्रत्यक्ष निरीक्षण यांचा मेळ घालणे अनिवार्य आहे.

भाषा व संस्कृती यांचा विचार :

बहुतेक साधने मूळ इंग्रजी भाषेतील आहेत. त्यांचा केवळ शब्दशः अनुवाद पुरेसा नसतो. 'मूल नजरेला नजर देते काय ?' हा प्रश्न मराठी घरात विचारल्यास 'मोठ्यांच्या नजरेला नजर देऊ नये, असे आम्हीच शिकविले आहे', असे उत्तर येऊ शकते. त्याऐवजी 'तुम्ही त्याच्याशी खेळत असताना, त्याला कपडे घालत असताना तो तुमच्या चेहऱ्याकडे पाहतो काय ?' असे विचारणे योग्य ठरते. कल्पनेच्या खेळाविषयी विचारताना भातुकली, दुकान-दुकान किंवा बाहुलीला जेवू घालणे अशी परिचित उदाहरणे द्यावी लागतात. बोटाने दाखविण्याबाबतही भेद स्पष्ट करावा लागतो. हवी असलेली वस्तू मागण्यासाठी बोट दाखविणे वेगळे आणि आकाशातील विमान आईनेही पाहावे म्हणून बोट दाखविणे वेगळे. स्वमग्नतेच्या दृष्टीने दुसरी कृती अधिक महत्त्वाची आहे. मोठ्या माणसाचा हात धरून तो वस्तूवर नेऊन ठेवणे, ही कृती पालक अनेकदा 'दाखवितो' या शब्दातच सामावून घेतात. 'तुला पाणी हवे का ?' असे विचारल्यावर मूल 'तुला पाणी हवे' असेच म्हणत असेल, तर पालक त्याला 'बोलतो' असे म्हणतील; परंतु सर्वनामांची ही उलटापालट स्वतंत्रपणे नोंदविली पाहिजे.

भारतीय परिस्थितीचा विचार करून तयार झालेले 'आयएनडीटी-एएसडी' हे साधन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. २ ते ९ वर्षे वयोगटासाठी असलेल्या या साधनात पालकांची मुलाखत व बालकाचे निरीक्षण एकत्रित केले आहे. भारतातील पाच ठिकाणी झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मज्जाविकासविषयक विकारांच्या मोठ्या अभ्यासात उत्तर गोव्याचाही समावेश होता.

अहवाल अधिक उपयुक्त करण्याचे मार्ग :

अहवालात विशेषणांऐवजी घटना असाव्यात. 'हट्टी आहे', 'आपल्याच नादात असतो', 'अभ्यासात लक्ष नाही' ही मते होत. 'नेहमीच्या रस्त्याऐवजी दुसऱ्या रस्त्याने नेल्यास अर्धा तास रडतो. आठवड्यात तीनदा असे घडले', ही माहिती होय. पालकांनी जुनी छायाचित्रे, चित्रफिती, लसीकरणपत्रिका व बालवाडीतील नोंदी सोबत आणाव्यात. शिक्षकांनी किमान दोन महिने बालकाला पाहिल्यानंतर आणि वर्ग, मैदान व मधली सुट्टी अशा भिन्न प्रसंगांतील नोंदींवरून श्रेणी भरणे श्रेयस्कर आहे. दोन्ही अहवाल परस्परांशी चर्चा न करता स्वतंत्रपणे भरावेत. चर्चा त्यानंतर तज्ज्ञाच्या उपस्थितीत व्हावी. बालक काय करू शकत नाही याबरोबरच ते काय चांगले करते, याचीही नोंद असावी; कारण पुढील शिक्षणाची आखणी त्यावरच होते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. शून्य ते १८ वर्षे वयोगटाच्या या कार्यक्रमात अंगणवाडी व शाळा पातळीवर बालकांची तपासणी करण्याची तरतूद आहे. तेथे वैद्यकीय पथक एका बालकाला काही मिनिटेच पाहते. अंगणवाडी सेविकेची आणि शिक्षकाची लेखी नोंद पथकापुढे ठेवल्यास त्या मिनिटांचे मोल वाढेल. दिव्यांग व्यक्तींचे अधिकार अधिनियम, २०१६ अन्वये बालकांना भेदभावाविना प्रवेश व सर्वसमावेशक शिक्षण देण्याची जबाबदारी शाळांवर आहे. त्यामुळे शिक्षकाचा अहवाल हा मुलाला शाळेबाहेर काढण्याचे कारण होऊ शकत नाही. त्याला वर्गात कोणते साहाय्य हवे, हे सांगणारा दस्तऐवज म्हणूनच त्याचा उपयोग झाला पाहिजे. पालकांना ही खात्री मिळाली, तर त्यांचे अहवालही अधिक मोकळे होतील.

समारोप :

स्वमग्नतेच्या मूल्यमापनात पालक बालकाचा काळ जाणतात, शिक्षक बालकाचा समूह जाणतात आणि तज्ज्ञ लक्षणांचे शास्त्र जाणतो. यांपैकी कोणताही एक दृष्टिकोन पूर्ण नाही. पालक व शिक्षक यांच्या अहवालांतील सहमती निदानाला बळ देते. त्यांतील तफावत बालकाला कोठे आधार मिळतो आणि कोठे तो तुटतो, हे दाखविते. म्हणून तफावत आढळल्यास एक अहवाल बाजूला सारण्याऐवजी तिची कारणे शोधणे हेच मूल्यमापनाचे कार्य होय. घरी बोलणारे आणि वर्गात मूक असणारे मूल हे एकच मूल आहे, ही जाणीव ठेवून केलेले मूल्यमापनच त्याच्या शिक्षणाला व जीवनाला उपयोगी पडू शकते.